दत्ताच्या गाडीचे सहा स्क्रू

गुरुवार, संध्याकाळ

विष्णुपुरीला दत्ताच्या घरी बसून आलो. ताट तसंच ठेवून लिहून राहिलो.

काल त्याच्या पिवळ्या स्पोर्ट्स कारला पुढचा स्पॉयलर, म्हणजे बंपरखालची शोभेची पट्टी, माझ्याच गॅरेजात बसवला. बंपरला भोकं पाडून सहा स्क्रू मारायचे होते. ड्रिल हातात घेतलं अन् त्याच्या आईचा फोन आला. आज आवस हाय, गाडीला भोक पाडू नका. दत्ता हसून म्हणाला, "राहू दे, म्हातारीचं मन कशाला मोडायचं? आज डबल टेपवर चिकटव, परवा स्क्रू मार." मी चिकटवला. मग त्यानं विचारलं, "लातूरला जाऊन येऊ का? धरंल ना?"

मी म्हणालो, "शंभरच्या स्पीडपर्यंत काई होत न्हाई."

कशावरून म्हणालो? नुसती टेप धरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण गाडी एवढी देखणी दिसत होती, की ती रस्त्यावर पळताना बघायची मलाच घाई झाली होती.

अहमदपूरच्या अलीकडं स्पॉयलर सुटून चाकाखाली गेला. गाडी उलटली. दत्ता जागीच गेला.

आज तिथं सगळे आवसेलाच दोष देत होते, अन् मी मान हलवत होतो. सहाही स्क्रू अजून शर्टाच्या खिशात होते. निघताना दत्ताच्या आईनं माझे दोन्ही हात धरले. "त्यानं आवस न्हाई पाळली, गावाबाहेर गेला. तू तरी माझा शब्द ठेवलास, लेकरा. भोक पाडलं न्हाईस."

मी म्हणालो, "हाव, मावशी."