पाऱ्याची राखण

प्रिय ठमाबाई,

तुझा नियम वाचला. म्हणजे तुझ्या खात्याचा; पण मसुदा तुझा, हे पहिल्याच वाक्याला ओळखलं. तुझं प्रगतिपुस्तक वाचायचो तसा, चष्मा पुसून, खुर्चीत ताठ बसून वाचला. दातात भरायच्या चांदीतला पारा गटारात सोडायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही, परवाना असलेल्या गाडीवाल्याच्याच हवाली करायचा. चांगला लिहिलायस. बोट ठेवायला जागा नाही.

दवाखान्यातले ते दिवस आठवतात? खलात चांदीची भुकटी आणि पारा घोटता घोटता मी शाळेतल्या कविता म्हणायचो. पेशंटचं तोंड उघडं, त्यामुळे दाद नाही आणि तक्रारही नाही. तू दारातून पाऱ्याच्या थेंबाकडे टक लावून बघायचीस, की आलीच तुझी आई बखोटीला धरायला. दात भरून उरलेला चुरा मी बरणीत, पाण्याखाली ठेवायचो. माझे व्यवसायबंधू तो बेसिनमध्ये धुऊन टाकत आणि मला हसत, लोणचं घालतोस काय रे म्हणून. आज ते सगळे हात झटकून मोकळे. ज्याने जपलं, तो अडकला.

कारण तो गाडीवाला अजून नेमलेलाच नाही. नेमणं दुसऱ्या खात्याकडे, तुझ्या हातात नाही, हेही कळतं मला. इथल्या कचेरीत खेटे घालून चपला झिजल्या. बरण्या त्यांना ठेवून घेता येत नाहीत, मला कुठे हलवता येत नाहीत. खिडकीतली मुलगी गोड आहे. म्हणाली, "काका, इतकी वर्षं सांभाळलंत, अजून थोडं सांभाळा." तिचा तरी काय दोष? इकडे घरमालकाला दवाखान्याची खोली रिकामी हवी आहे. तुम्ही खुशाल लेकीकडे जा, बरण्यांचं मी बघतो, म्हणतो. बघतो म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. मागे नाला आहे, आणि पुढे वळणावर पोरं त्यात मासे धरतात.

म्हणून हे पत्र. तू पाठवलेलं तिकीट रद्द कर. बाळंतपणाला येतो असा शब्द दिला होता, तो मोडतोय. फोनवरच सांगणार होतो, पण तिकडून तुझं "बाबा" ऐकलं की मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवून देतो. तुझी आई असती, तर तिला गाडीत बसवून दिलं असतं आणि मी इथे बरण्या राखत बसलो असतो. आता तुझ्याकडे पाठवायला माझ्यापाशी कोणीच नाही गं.

तुझाच,
बाबा