दुसरी गोळी

बाबा,

काल तुमच्या नातीला घेऊन रायफल बघायला गेले होते. सतरा वर्षांची झालीय ती, आणि या सीझनला तिला माझ्याबरोबर हरणाच्या शिकारीला यायचंय. दुकानदाराने काउंटरवर दोन रायफली ठेवल्या. एक साधी, जाडजूड. दुसरी सडपातळ, नेमाला पक्की. पोरगी अर्थातच दुसरीकडे वळली. "आई, लुक अ‍ॅट द ग्रुपिंग!" म्हणत तिने चाचणीचा कागद माझ्यापुढे धरला, गोळ्यांची भोकं एकमेकांना चिकटून पडलेला. मी विचार करायच्या आतच तुमचं वाक्य माझ्या तोंडून गेलं, "कागद पळून जात नसतो गं."

युनिव्हर्सिटीच्या तळघरात तुम्ही आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलीत. मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणारी यंत्रं. आणि तोच माणूस जंगलात जाताना शेजारच्या शेतकऱ्याने दिलेली जुनी रायफल घेऊन जायचा, जिची शंभर यार्डांवरची तीन भोकं तळहाताखालीही मावायची नाहीत. मी हसायचे. तुम्ही शांतपणे म्हणायचात, "हरणाची काळीज-फुप्फुसाची जागा ताटलीएवढी असते. तेवढ्यात लागलं की पुरे. पण चाप ओढला की गोळी सुटली पाहिजे, आणि ती चुकली तर दुसरी लगेच भरता आली पाहिजे. नाहीतर ते जनावर आपल्या हौसेपायी तडफडतं." आईने ते मटण घरात शिजवू दिलं नाही, म्हणून तुम्ही गॅरेजमध्ये स्टोव्ह मांडून सावजी रस्सा करायचात. तो शेतकरी नाक पुसत पुसत आणखी मागून घ्यायचा.

मी ग्रॅज्युएट झाले तेव्हा मला ती दुसऱ्या जातीची, अचूक रायफल हवी होती. आठवडाभर तुम्ही नको म्हणालात आणि मग स्वतःच घेऊन आलात. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिचा एकेक भाग सुटा केलात, पुसलात, बोटाने चाचपलात. "सगळं फार घट्ट बसवलंय. म्हणूनच नेम असा आहे. पण यंत्राला जरा मोकळी जागा लागते बेटा. बर्फ म्हणा, कचरा म्हणा, काहीतरी आत जाणारच."

"बाबा, तुम्ही उगाच टेन्शन घेता."

त्या वर्षीचा थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. सकाळपासून पावसाबरोबर बर्फाची कणी पडतेय. मी एका झाडाला टेकून बसलेय, तुम्ही हाकेच्या अंतरावर. खालच्या ओढ्याकडून एक हरणी वर येते, थांबते. मी चाप ओढते, आणि त्याच क्षणी ती पाऊल उचलते. गोळी मागे, पोटात लागते. ती पडत नाही. मान वळवून उभीच राहते. मला फक्त बोल्टचा दांडा मागे ओढून दुसरी गोळी भरायची आहे. बोल्ट हलत नाही. मी तळव्याने ठोकते, पुन्हा ठोकते, हाताची सालं निघतात. हरणी माझ्याकडे बघत उभी आहे. मग ती लंगडत झुडपांत जाते.

तुम्ही धावत आलात, पण तोवर ती दिसेनाशी झाली होती. आपण रक्ताचे थेंब शोधत चाललो. कितीदा माग हरवला, पुन्हा सापडला. दुपार उलटून गेल्यावर एका आडव्या पडलेल्या खोडामागे ती सापडली. श्वास चालू होता. तुमच्या जुन्या रायफलीचा एकच बार झाला. मग तुम्ही हातमोजा काढून तिच्या मानेवर हात ठेवलात आणि बर्फातच बसलात.

"पाच तास," तुम्ही म्हणालात. "पाच तास जिवंत होती."

मी बोलणी खायच्या तयारीत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "चूक माझी आहे. उभा जन्म यंत्रं तपासण्यात गेला आणि ही रायफल इतकी अडकेल हे मला दिसलं नाही. दिसलं नाही, आणि मी ती माझ्या मुलीच्या हातात दिली."

त्यानंतर तुम्ही शिकारीला गेला नाहीत. जुनी रायफल शेतकऱ्याच्या घरी परत देऊन आलात. दर नोव्हेंबरात गावात शिकाऱ्यांची केशरी जाकिटं दिसायला लागली की तुम्हाला तळघरात काहीतरी काम निघायचं. शेवटच्या आजारात, हॉस्पिटलमध्ये, एकदा मध्येच म्हणालात, "ती हरणी आठवते का गं?" मी म्हणाले, "झोपा बाबा."

काल पोरीने शेवटी साधी रायफल घेतली, जरा फुगूनच. गाडीत तिने विचारलं, "आजोबांनी हंटिंग का सोडलं?"

"थंडी सोसेना त्यांना," मी म्हणाले.

त्या शनिवारच्या आधीच्या आठवड्यात नेमबाजीच्या रेंजवर तो बोल्ट दोनदा अडकला होता. दुसऱ्यांदा तर शेजारच्या माणसाने लाकडाचा ठोकळा मारून सोडवून दिला, आणि म्हणाला, "दुरुस्त केल्याशिवाय ही जंगलात नेऊ नकोस." घरी आल्यावर तुम्ही दारातच विचारलंत, "कशी चालली? काही त्रास?" सांगितलं असतं तर तुम्ही ती ठेवून घेतली असतीत. मी म्हणाले, "एकदम मस्त."

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं असतं की नाही, खरंच सांगता येत नाही. माणूस गेल्यावर लोक म्हणतात, सांगायचं राहून गेलं. माझं राहून गेलं नव्हतं, बाबा. तुम्ही त्यानंतर अकरा वर्षं होतात. रोज समोर होतात. मी सांगितलं नाही.