डाय, दांडा आणि दादाचा हात

मंगळवार, ३ मार्च

दादाचा उजवा हात आता यापेक्षा सुधारणार नाही. डॉक्टरबाईंनी आज स्पष्टच सांगितलं. दादा असा ऐकत होता, जणू शेजाऱ्याच्या हाताबद्दल चाललंय!

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "आता तरी तो लेथ विका. व्यापारी कधीचा मागे लागलाय."

"एका हाताने आटे पाडता आले, तर नाही विकणार." एवढं बोलून दादा रिक्षात बसला.

लेथवर धातू फिरवत कातायचं बाकीचं काम त्याला डाव्या हाताने जमतं. अडतं ते आट्यांपाशी. लेथ लहान, स्वतः आटे कापायची सोय त्यात नाही. त्यामुळे बोल्टावर डाय, म्हणजे आटे कापणारी आतून दातेरी चकती, ठेवायची आणि तिची दांडी दोन्ही हातांनी फिरवायची. जोर एकीकडे जास्त पडला की आटे तिरके. एका हाताने कसं व्हायचं?

दुपारी पेपरच्या ऑफिसात बातम्या कापत होते. डोळ्यांपुढे मात्र पितळेची कांडी, सावकाश फिरणारी.

गुरुवार, ५ मार्च

सुचलं! डाय फिरवायचीच कशाला? ती स्थिर धरावी, बोल्ट लेथने फिरवावा.

सकाळी मागच्या खोलीत गेले. छताच्या काचेतून ऊन लेथवर उतरलेलं, त्यात तेलाचा वास. डाय टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या मागच्या डोक्यात, पक्की आवळली. लेथ चालू केला. आटे उमटले आणि लगेच भुगा!

दादा स्टुलावर बसून हसला. "अगं, डाय आपल्या आट्यांवर आपणच पुढे चढत जाते. तिला बांधून ठेवलीस तर चढेल कुठे?"

शुक्रवार, ६ मार्च

झोपेत गोल जिना चढत होते. पायऱ्या पितळेच्या, कोमट. वर पोचायची अजिबात घाई नव्हती.

सोमवार, ९ मार्च

टेलस्टॉकमध्ये आता एक गुळगुळीत दांडा. त्यावर सरकणारी नळी. नळीच्या तोंडात डाय, कुशीला धरायची मूठ. दांडा मी कातला, हुकूम दादाचे. "सरकली पाहिजे, डुगडुगली नाही पाहिजे. अजून केसभर. थांब! हावरटपणा नको."

नळी दांड्यावर घातली, तशी आतली हवा हळूच उसासा टाकून बाहेर आली. मी ती पुन्हा पुन्हा सरकवत बसले. पुढे, मागे. ऊन भिंतीवर चढलं तरी कळलं नाही.

"खेळणं आहे का ते?"

"हो."

ऑफिसला पोचायला उशीर. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा!

बुधवार, ११ मार्च

दादाने आज स्वतः करून पाहिलं. डावा हात मुठीवर, लेथ अगदी मंद. डाय आपसूक पुढे निघाली. बोल्टाच्या डोक्यापाशी आली की मूठ सोडायची, मग नळीही बोल्टाबरोबर गरगर फिरते, कापणं थांबतं आणि हात बटणासाठी मोकळा होतो. सगळी युक्ती त्या सोडण्यात.

"सोड!" मी ओरडले. त्याने आणखी घट्ट धरली. कट्! डायचे दोन तुकडे.

"चालत्या कामावरून हात काढतो तो शिकाऊ," म्हणतो.

वहिनी दारातून म्हणाली, "पहिल्या हाकेला जेवायला तरी कधी उठलात?"

गुरुवार, १२ मार्च

सोडली!

नवी डाय लावली; मूठ पहिल्यांदा दचकून सोडली, मग सवयीने. पितळेचे बारीक कुरळे केस खाली गळत होते. एकामागून एक बोल्ट. खोलीभर मंद गुणगुण, आपण पाण्याखाली बसलोय आणि वरून कुणाची तरी होडी जातेय, अशी.

वहिनीने एक बोल्ट उचलला, नट चढवला, बोटाने टिचकी मारली. तो सरसर डोक्यापर्यंत गेला.

"व्यापाऱ्याला येऊ नका म्हणून कळवू?"

"येऊ दे की," दादा म्हणाला.

शुक्रवार, १३ मार्च

व्यापारी आला. दादाने त्याच्यासमोर बोल्टावर झकास आटे पाडले — आणि लेथ विकून टाकला!

"अरे, पण आता तर जमतंय!"

"म्हणूनच. जमेना म्हणून उठायचं नव्हतं मला. आता उठतो. ही बाग लावते म्हणत्येय कधीची, तिला मदत करीन."

चेहरा इतका निवांत की भांडताही येईना. वहिनी डोळे पुसत चहा टाकायला गेली. मी हातात कापूस घेऊन त्या दांड्याला तेल लावत राहिले. उद्या टेम्पो येणार.

शनिवार, १४ मार्च

आत्ताच व्यापाऱ्याला फोन केला. सौदा रद्द. लेथ मी घेतेय. दादाला अजून ठाऊक नाही. तो टेम्पोची वाट बघत मागच्या खोलीत येईल, तेव्हा लेथ चालू असेल. रागावेल का? बहुतेक आधी वेग कमी करायला सांगेल.