आप्पांच्या रक्तातले राखणदार

आप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवसाचा धक्का माझ्या अंगातून उतरलेला नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. शहरात सात रस्ता चौकाजवळच्या लॅबमध्ये मी नुकतीच कामाला लागले होते. तुम्ही गावाहून, कुंभारीहून, लंगडत आलात. तळपायात काटा मोडलेला, जखम भरत नव्हती, जांघेत अवधाण आलेलं. “काटा पायात, आन् गाठ हितं कशी गं?” तुम्ही विचारलंत. मला शिकलेलं सांगायची भारी हौस. माझ्याच बोटाला सुई टोचून थेंब काचेवर घेतला. तुम्ही टोपी काढून सूक्ष्मदर्शकावर वाकता. तांबड्या पेशींच्या गर्दीतून एक पांढरी पेशी हळूहळू सरकते आहे. मी सांगते, या पांढऱ्या पेशी रक्तातून अंगभर फिरतात. जखमेकडून इशारा आला की शिरेच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जंतूंना गिळतात. काही गाठीत जमतात, म्हणून ती सुजते. तुम्ही मान वर करत नाही. “म्हंजे राखणदारच की!”

मग तुमचं रक्त घेतलं, काच रंगवली, बघितलं आणि पुन्हा बघितलं. जिथं एखाददुसरी पांढरी पेशी दिसावी तिथं त्यांचीच दाटी. सगळ्या कच्च्या, कुठं जायचं, काय करायचं ते न कळलेल्या. तेवढ्यात तुम्ही हट्टानं डोळा लावलात. “माझ्यात तर लई हायेत की!” चेहरा कसा फुलला होता तुमचा. “व्हय आप्पा,” मी म्हटलं.

लॅबच्या डॉक्टरांना काच दाखवली. त्यांनी विचारलं, “कुणाची ही काच?”

“वडिलांची.”

ते खुर्चीतून उठलेच. रक्ताचा कॅन्सर, एवढंच हळू आवाजात म्हणाले. दोन महिन्यांत तुम्ही गेलात. काट्याचाच ताप आहे, असं मी तुम्हाला शेवटपर्यंत सांगत राहिले.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. डॉक्टरांकडे जाण्याआधी मी बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईला परत आत बोलावलं. मांडीवर तान्हं लेकरू. तुमच्या आधी तिचंच रक्त घेतलं होतं. काचांची अदलाबदल झालेली असू दे, असं मनात घोकत मी तिला पुन्हा टोचलं. “बाई, काय वाईट न्हाय न्हवं?” ती भेदरून विचारत होती. तिचं रक्त ठणठणीत निघालं.

आप्पा, मला त्याचं वाईट वाटलं.