पदरावरची लाल हळद

बाई, परवा पुतणीच्या हळदीत तुमचा तास आठवला. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण किन्हवलीच्या शाळेतला तो दिवस अजून ताजा आहे. फळ्यावर ‘सामू’ लिहून तुम्ही विचारलंत, हा कोण? मागच्या बाकावरून उत्तर आलं, “बाई, माझा काका.” सगळ्यांत जास्त तुम्हीच हसलात. मग समजावलंत की सामू म्हणजे द्रावण किती आम्ल, किती आम्लारी याचा आकडा. सात मधोमध, त्याखाली आम्ल, वर आम्लारी. आकडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दर्शक लागतो. सामू बदलला की दर्शकाच्या कणांचं रूप पालटतं आणि त्याबरोबर रंगही. दर्शक म्हणून तुम्ही दारची जास्वंद आणि घरची हळद आणली होती. जास्वंदीचा कागद लिंबात गुलाबी झाला, साबणाच्या पाण्यात हिरवा. हळदीचा साबणात लाल झाला आणि विहिरीच्या पाण्यात पिवळाच राहिला. मी घाईने म्हटलं, म्हणजे विहिरीचं पाणी आम्ल. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत.

“हळद लिंबातही पिवळी आणि साध्या पाण्यातही पिवळी. तिला फक्त आम्लारी कळतं. ती सांगते तेवढंच ऐक, तिच्या तोंडी आपलं घालू नकोस.”

त्यानंतर वर्गात मी फारसा बोललो नाही. तसा स्वभावानेच मी कमी बोलणारा.

परवा मुरबाडहून नवऱ्याची उष्टी हळद आली. पुतणीला लावताना थोडी तिच्या पदरावर सांडली. तिच्या मैत्रिणीने लगेच साबणाची ओली वडी घासली आणि डाग लाल झाला. हळद घेऊन आलेली नवऱ्याची आत्या तिथंच थबकली. “आमच्या हळदीचं रगात झालं गो. ही खूण बरी नाय.” तिने घरी फोन लावला, लग्न पुढं ढकलायचं का ते विचारायला. वाजंत्री थांबली. पुतणी माझ्याकडे बघतेय, डोळे भरलेले.

मी आचाऱ्याकडून अर्धं लिंबू आणलं आणि डागावर पिळलं. डाग पुन्हा पिवळा. मी म्हटलं, “आत्याबाई, मला साबण लागला, एवढंच हळद सांगतेय.” तिचा विश्वास बसेना. तिने स्वतः साबण लावून डाग लाल केला, लिंबू पिळून पिवळा केला. मग फोनवर म्हणाली, काय नाय, साबण होता, तुमी या सगळी. नंतर मांडवात जो भेटेल त्याला ती आपल्याच पदराला हळद लावून तो लाल-पिवळा करून दाखवत होती. माझा भाऊ म्हणाला, “हा बोलतो पण?”

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. डाग पिवळा झाला ना बाई, तेव्हा मला मनातून वाटलं, आता पोरीचं चांगलंच होणार. हळदीच्या तोंडी मी पुन्हा माझंच घातलं.