बाबांच्या मेणखडूचे गोल

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (डोळ्याच्या ऑपरेशननंतर किती तरी दिवस वाकायला मनाई होती, तेव्हाचे नमस्कार नुसते कागदावरचे, हा खरा.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला आणि राग, दोन्ही बसले असतील अशी आशा.

इकडे तुझ्या भावाची चांगलीच शोभा झाली. टोपीवाल्याच्या दुकानाला काच बसवली, पुसली, तर धुरकट. बदलली. तीही धुरकट. (चौतीस वर्षं काचा बसवतोय, मला डागी माल कळणार नाही?) तिसरी घेऊन गेलो तर टोपीवाला दारातच आडवा. म्हणाला, "मिस्त्री, काच इतकी लख्ख आहे की काल गिऱ्हाईक आपटलं तिच्यावर!" मी त्याच्याशी हुज्जत घातली, कारखान्याला शिव्या मोजल्या आणि चांगली काच कशी असते ते दाखवायला माळ्यावरचा जुना माल काढला.

त्यात बाबांनी नापास केलेली एक काच निघाली. आठवतं, शेवटी शेवटी ते प्रत्येक काचेत खोट काढून तिथे मेणखडूने गोल करायचे आणि आपण मागे उभे राहून हसायचो? ऑपरेशननंतर मी हीच काच पाहिली होती, तेव्हा सगळे गोल रिकामे होते. आता उजेडात धरली, तर प्रत्येक गोलात एक धूसर ठिपका. रॉकेलचं फडकं घेऊन घासघास घासलं. गोल पुसले गेले, ठिपके राहिले.

दुसऱ्या दिवशी डोळे दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा फोटो काढून दाखवला. बुबुळावर बसवलेला पारदर्शक पडदा कुणा अनोळखी भल्या माणसाचा, तो गेल्यावर मला मिळालेला. पण त्यावर साचणारे कण माझंच शरीर बनवतं, म्हणे. घराण्याचा आजार, पडदा बदलला तरी परततो. कण खरवडता येतील, वेळ पडली तर पुन्हा पडदाही बसवता येईल. मला मात्र त्या माणसाच्या आठवणीने स्वतःची फार लाज वाटली. त्याच्या डोळ्यावर आता आपले बाबा उमटताहेत, आणि खरं सांगतो ताई, मला भीती वाटते.

बाकी क्षेम. अजून आपल्या हाताने लिहिणारा,
तुझा भाऊ

ता. क. भावजींना वाचून दाखवू नकोस. ते टोपीवाल्याची बाजू घेतील.

ता. क. २. स्वयंपाकघराच्या खिडकीवर हल्ली धुकं साचतं, पुसून जात नाही, काच बदलून दे, असं तू लिहिलंस. भाचीला फोनवर विचारलं. ती म्हणते, काच स्वच्छ आहे. मी काच आणत नाही. उद्याच डोळे दाखवून ये, आणि तिलाही ने. तू आईचे डोळे घेतलेस, असं जन्मभर सांगत आलीस. नेहमीसारखं याही वेळी तुझंच खरं होऊ दे.