माहेरवाशिणीचा घास

१४ ऑक्टोबर
होय गो बाय, जेवतंय मी वेळेवर. झोपतंय पण. माझा काय इचारतंस, आक्कांका इचार.
असंच म्हटलं आज फोनातल्या बाईला. बाई पुण्याची, आवाज पिल्लासारखा बारीक, पण लकवा मारलेल्या माणसाला हात परत कसा वापरायचा ते व्हिडिओ कॉलवर शिकवते. रेंज फक्त तुळशीकडे. म्हणून आक्काची खुर्ची अंगणात आणि फोन वृंदावनात, नारळाला टेकून.
आक्का माझी नणंद. गणपतीला माहेरी आली, आरतीला उभी असताना खाली बसली ती उठलीच नाही. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी म्हटलं, "आक्कानू, लगीन होवन इलंय तवसून माका बोललात, आता माझी पाळी." डाव्या बाजूनं हसली. मग रडली. मग मी पण... जाऊ दे.

१८ ऑक्टोबर
बाई म्हणते, "मावशी, घास तुम्ही भरवू नका. चमच्याला कापड गुंडाळून जाड करा, त्यांच्या उजव्या हातात द्या. सांडलं तर सांडू दे."
मी म्हटलं, "आमच्याकडे माहेरवाशिणीक पाटार बसवून वाढतत. कामाक लावनत नाय."
"मावशी, जेवणं हे काम नाही."
पोरीला उत्तरं बरी येतात.

२३ ऑक्टोबर
दिगू येऊन गेला. आक्काचा झील. दोडामार्गात घर, नवराबायको दोघं रोज गोव्यात कामाला. "मामी, आई आपल्या हातान जेवाक लागली की न्हेतंय. आता न्हेली तर दिवसभर तिका कोण बगतला?"
खरंच आहे त्याचं. जाईपर्यंत आईचे पाय चेपत बसला होता. आक्काची सून परसात तोंड लपवून रडली. चांगली माणसं. शिव्या घालायची पण सोय नाही.

२ नोव्हेंबर
आज सुंगटं सोलायला दिली, बाईच्या भाषेत कोळंबी. बाईचीच युक्ती, हाताला जे पाठ आहे ते द्यायचं. डाव्यानं धरली, उजव्याची बोटं नुसती थरथरत. मी म्हटलं, "आक्कानू, ह्या चालीन सोललात तर कढी शिमग्याक जेवची लागतली."
तिनं साल फेकून मारली मला. उजव्या हातानं!
बाई फोनात टाळ्या वाजवायला लागली. मी पण वाजवल्या. मग चुलीपुढे जाऊन उगाच बसले. चूल पेटलेली पण नव्हती.

६ नोव्हेंबर
विहिरीवरून आले तर आक्का एकटीच पेज खात होती. चमचा उजव्या हातात. थोडी मांडीवर, बरीचशी तोंडात. मी दारात उभी.
मग पुढे गेले. "द्या हयसर. माहेरवाशीण तुमी." चमचा काढून घेतला.
तिनं ओढाताण केली नाही. सोडून दिला.

९ नोव्हेंबर
बाईनं विचारलं, "आजी स्वतः जेवतात का आता?"
म्हटलं, नाय. हात खंय थार धरता?
आक्का माझ्याकडे बघत राहिली. वैनी म्हणायला जाते, पण जीभ अर्ध्यावर अडते. "वै... वै..."
"काय म्हणतायत त्या?"
"पेज व्हयी म्हणतत."
पेज पोटभर झाली होती.

१६ नोव्हेंबर
उद्या व्हिडिओ कॉलवर दिगू पण असणार. बाईनं बजावलंय, आजींना माझ्यासमोर जेवू द्या, मावशी, तुम्ही लांब बसा.
दुपारी आक्काला न्हाऊ घातलं. केस सुकवले, वेणी घातली. तिनं उजवा हात वर नेला आणि वेणी चाचपून बघितली. मी बघितलंच नाही असं केलं.
हे गेले त्यानंतर ह्या घरात दुसरं ताट मांडलं नव्हतं. चिडवायला कोंबड्या. त्या कुठे साल फेकून मारतात.
बाई मला विचारते, मावशी, तुम्हाला काही अडचण? मी दर वेळी म्हणते, नाय गो.
अडचण आसा. आक्का बरी होवक नको, असा वाटता माका.